भुकटीची भानगड

अहो, ऐकलंत का? हल्ली कुणाला जेवायला बोलवायची सोय राहिली नाही. पान वाढलं की पाहुणा आधी विचारतो, "यात किती ग्रॅम आहे?" ग्रॅमची चौकशी पूर्वी मंगळसूत्राची व्हायची, आणि ती सुद्धा पाहुणी निघून गेल्यावर. आता तोंडावर होते आणि पनीरची होते. आमच्याच सोसायटीत, विंग सांगत नाही, एका सुनेनं सासूबाईंच्या हातची पुरणपोळी पानात घेताना जाहीर केलं, "हरभऱ्याच्या डाळीत प्रोटीन असतं म्हणून घेते." शिव शिव! पुरणपोळीला आजवर फक्त तुपाची शिफारस लागत होती.

आणि तो प्रोटीनच्या भुकटीचा डबा! काळाकुळकुळीत, दोन किलोचा, त्यावर सोनेरी अक्षरं आणि मानेचा पत्ता लागत नाही असा एक दंडाधिकारी. पूर्वी हा डबा कॉलेजातल्या पोराच्या पलंगाखाली लपलेला असायचा. आता तो राजरोस ओट्यावर आला आहे, साखरेच्या डब्याच्या मांडीला मांडी लावून. सकाळी सहाला लिफ्टमध्ये शिरा, कुणाच्या तरी हातात शेकर खुळखुळत असतोच. चौथ्या मजल्यावरचे काका गेल्या दिवाळीपर्यंत शंकरपाळ्यांचे निस्सीम भक्त होते. परवा काकूंना म्हणाले, "आज लेग डे आहे." काकूंना वाटलं, पाय चेपून मागतायत.

बरं, हे खूळ डब्यापुरतं राहिलं असतं तर आम्ही काही बोललो नसतो. पण ताकानं सुद्धा मर्यादा सोडावी? अमूलनं ताकात आणि लस्सीत प्रोटीन वाढवून विकायला काढलं, तर लोक ते वाण्याकडे सांगून ठेवू लागले. जुलै २०२५ मध्ये मॅकडोनाल्ड्सनं पश्चिम आणि दक्षिण भारतातल्या आपल्या दुकानांत बर्गरमध्ये घालायची एक प्रोटीनची चकती आणली. सोया आणि वाटाण्याची, एका चकतीत ५ ग्रॅम. आणि ती घडवायला मदत कुणाची, तर म्हैसूरच्या सरकारी खाद्य संशोधन संस्थेची, सीएफटीआरआयची! म्हणजे बर्गर खाल्ल्याचं पाप आता शास्त्राच्या साक्षीनं धुऊन निघतं. तिकडे अमेरिकेत स्टारबक्सनं त्याच वर्षी कॉफीत प्रोटीन कालवलं. एकदा कॉफी बाटली की मग चहाचा काय भरवसा?

सरकारला हे दिसत नाही असं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये आहाराबद्दल सतरा मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यात स्वच्छ सांगितलं की अंगावर मांस चढवायला प्रोटीनच्या भुकट्या घेऊ नका. सर्वसाधारण माणसाला दिवसाला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतं, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नासच ग्रॅम. त्याच वर्षी केरळातल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं भारतात विकले जाणारे छत्तीस डबे प्रयोगशाळेत उघडले गेले. छत्तिसांपैकी पंचवीस डब्यांच्या लेबलावरचा आकडा आतल्या मालाशी जुळेना. काहींत तर छापल्याच्या निम्माच माल. काहींत बुरशीचं विष, काहींत कीटकनाशकांचा अंश. दूधवाल्यानं पाणी घातलं तर आपण त्याच्या सात पिढ्या उद्धरतो. इथे हजारो रुपये मोजून आपण त्याच डब्याला टेबलावर मानाची जागा देतो.

आता चहाडी करायची तर दोन्ही बाजूंची करावी, नाहीतर ते पाप लागतं. आपल्या ताटात प्रोटीन कमी पडतं, ही बोंब अगदीच खोटी नाही. देशभर केलेल्या आयसीएमआर-इंडियाब या मोठ्या पाहणीचे आहाराबद्दलचे निष्कर्ष २०२५ मध्ये छापून आले. आपल्या जेवणातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिठूळ आणि गोड पदार्थांतून येते, प्रोटीनमधून जेमतेम १२ टक्के. पोळी, भात, बटाट्याची भाजी, वर शिरा, आणि आमटीत डाळ शोधायला दुर्बीण. तेव्हा वाटीभर घट्ट वरण, उसळ, दही, अंडं, मासळी यांची चौकशी कुणी करू लागलं तर त्याला नावं ठेवायचं कारण नाही. नावं ठेवायची आहेत ती डब्याला.

तर डब्याचं कुळ काढू या. लग्न ठरवताना आपण घराणं विचारतो, मग ओट्यावर आलेल्याचं का विचारू नये? हे व्हे व्हे म्हणून मिरवतं ना, ते म्हणजे दूध नासवून पनीर किंवा चीज केलं की खाली राहतं ते हिरवट-पिवळं पाणी. आपल्याकडे गृहिणी त्यात कणीक भिजवायच्या. दहा लिटर दुधातून साधारण एक किलो चीज निघतं आणि नऊ लिटर हे पाणी उरतं. पाश्चात्त्य चीजवाल्यांची ती वर्षानुवर्षांची डोकेदुखी होती. डुकरांना पाजायचे, शेतात सोडायचे, ओढ्यात ओतायचे, आणि ओढ्यातले मासे मरायचे. पर्यावरणाचे कायदे कडक झाले, तेवढ्यात बारीक चाळणीसारख्या पडद्यांतून त्यातलं प्रोटीन वेगळं काढायची युक्ती सापडली, आणि ओढ्याचं पाणी सोनेरी अक्षरांच्या डब्यात जाऊन बसलं. प्रोटीन म्हणून ते उत्तमच आहे हो, पचायला हलकं, स्नायूंना लागणारं सगळं त्यात आहे. पण एवढा तोरा कशाला? मूळ तर मोरीचंच!

"हे आजकालच्या पिढीचं फॅड" असं म्हणणाऱ्या ज्येष्ठांनी आता कान बंद करावेत, कारण तुमच्या आजोबांच्या काळातलीच एक भानगड बाहेर काढते आहे. १९०० च्या आसपास इंग्लंड-युरोपात प्लाझमॉन नावाची भुकटी विकली जायची. लोणी काढल्यावर जे दूध उरतं, त्यातल्या प्रोटीनची. म्हणजे तेव्हाही उरलेलंच! तिची जाहिरात कोण करायचं? युजेन सँडो, सगळ्या जगाला आपली पीळदार पाठ दाखवत हिंडणारा पहिलवान. आणि त्या धंद्यात पैसा कुणी घातला? मार्क ट्वेननं! एवढा मोठा विनोदी लेखक, साऱ्या जगाच्या भोळेपणावर हसला आणि स्वतः दुधाच्या भुकटीत पैसे गुंतवून बसला. आपल्याकडच्या एखाद्या नामवंत लेखकानं असं केलं असतं तर साहित्य संमेलनात तीन परिसंवाद झाले असते.

हा सँडो १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानात खेळ करून गेला. पण त्याची लागण महाराष्ट्राला त्याआधीच झाली होती, आणि तीही राजघराण्याला! औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी, चित्रकलेचे आणि कीर्तनाचे शौकीन. त्यांनी सँडोची पुस्तकं आणि डंबेल्स मागवून दहाएक वर्षं नेमानं कसरत केली. आणि मग एके दिवशी पंथच बदलला. मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले ते असे की, संस्थानातल्या शाळांत नमस्कार लावले, पुस्तक लिहिलं, आणि १९३८ मध्ये ते इंग्रजीत थेट लंडनला छापून आणलं. राजा एका जिममधून दुसऱ्या जिममध्ये गेला आणि सगळ्या प्रजेला बरोबर घेऊन गेला. आजच्या इन्फ्लुएन्सरांनी हेवा करावा असा कारभार.

कुळकथा अजून मागे जाते, आणि तिथे तर शास्त्रज्ञांनीच एकमेकांच्या झिंज्या उपटल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत युस्टस फॉन लीबिग हे रसायनशास्त्रातलं बडं प्रस्थ. त्यांनी ठणकावून सांगितलं की काम करताना स्नायूतलं प्रोटीनच जळतं, ते भरून काढायला मांस खावं. आणि काय योगायोग पहा, त्यांच्याच नावानं मांसाचा अर्क विकणारी कंपनी होती, दूर उरुग्वेत तिचा कारखाना होता. मत सांगणारा आणि माल खपवणारा एकाच घरात! वर मौज अशी की त्या अर्कात प्रोटीन जवळजवळ नव्हतंच.

हे झुरिकच्या दोन प्राध्यापकांना खपेना. आडॉल्फ फिक आणि योहान्नेस विस्लिसेनुस. ऑगस्ट १८६५ मध्ये त्यांनी आदल्या दिवसापासून प्रोटीन वर्ज्य केलं आणि स्वित्झर्लंडचा फाउलहॉर्न डोंगर चढायला घेतला. सोबत शिदोरी काय, तर स्टार्चच्या चरबीत तळलेल्या वड्या, साखर घातलेला चहा, आणि हो, बिअर आणि वाइनसुद्धा! चढण जवळजवळ दोन हजार मीटरची. वाटेत दोघांनी आपापली लघवी बाटल्यांत जपून जमवली. एवढे शिकलेले लोक, डोंगरावर बाटल्या घेऊन! पण त्या बाटल्यांनीच लीबिगसाहेबांची अब्रू काढली. लघवीतल्या नायट्रोजनवरून जळालेल्या प्रोटीनचा हिशेब मांडला, तर चढाईला लागलेल्या ऊर्जेच्या निम्म्याचाही मेळ बसेना. डोंगर चढवला होता स्टार्चनं आणि चरबीनं. प्रोटीन हे स्नायूच्या बांधकामाचं सामान, चुलीतलं सरपण नव्हे, हे तेव्हाच सिद्ध झालं. दीडशे वर्षं उलटून गेली, तरी अजून ट्रेकला निघालेला भाऊ "एनर्जीसाठी" म्हणून प्रोटीनची वडी चघळतो आणि डब्यातली गूळपोळी लाजून मागे ठेवतो.

लीबिगसाहेबांची आणखी एक आठवण सध्या घरोघरी नांदते आहे, तिचं नाव क्रिएटिन. ते आधी सापडलं १८३२ मध्ये, शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला, मांसात. मग लीबिगनं १८४७ मध्ये नोंदवलं की शिकारीत पळवून मारलेल्या कोल्ह्यांच्या मांसात ते बांधून पाळलेल्या कोल्ह्याच्या दहापट असतं. म्हणजे जो धावतो त्याच्याकडे साठा, जो बसून खातो त्याच्याकडे ठणठणाट. यातलं धावणं बाजूला राहिलं आणि साठा तेवढा लोकांनी लक्षात ठेवला.

पुढे दीडशे वर्षं कुणी फारसं विचारलं नाही. मग १९९२ मध्ये रॉजर हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तोंडानं क्रिएटिन घेतलं तर ते खरोखर स्नायूत जाऊन साठतं. त्याच उन्हाळ्यात बार्सिलोना ऑलिंपिक. शंभर मीटरला ब्रिटनचा लिनफर्ड क्रिस्टी, चारशे मीटर अडथळ्यांत सॅली गनेल, दोघांना सुवर्ण. आणि इंग्लंडमध्ये छापून आलं की दोघंही म्हणे क्रिएटिन घेत होते! झालं. दुसऱ्या दिवसापासून साऱ्या खेळाडूंना त्या पांढऱ्या भुकटीची स्वप्नं पडू लागली. बंदी घालावी तर घालणार कशी? ते मटणात असतं, मासळीत असतं, आपलं शरीर स्वतःही रोज तयार करतं. उत्तेजकांच्या यादीत ते आजही नाही.

आता या क्रिएटिनबद्दल शेजारीपाजारी काय काय बोलतात! "टक्कल पडतं हो." कुठून निघालं हे? दक्षिण आफ्रिकेत २००९ साली वीस रग्बीपटूंवर एक छोटा अभ्यास झाला. क्रिएटिन घेतल्यावर टकलाशी संबंध जोडतात त्या हार्मोनचं रक्तातलं प्रमाण वाढलेलं दिसलं. केस मात्र कुणी मोजलेच नव्हते. एवढ्यावर साऱ्या जगात बोभाटा. अखेर २०२५ मध्ये एका अभ्यासात बारा आठवडे क्रिएटिन देऊन खरोखर केसांची मोजणी झाली आणि काही फरक निघाला नाही. सोळा वर्षं बदनामी सोसली बिचाऱ्यानं. "किडनी जाते" ही दुसरी आवई. निरोगी माणसात नेहमीच्या मात्रेनं तसं झाल्याचं दिसत नाही. फक्त रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर सरकू शकतो, म्हणून डॉक्टरांपासून हे लपवू नये. ज्याला किडनीचा आजार आहे त्यानं विचारल्याशिवाय हातही लावू नये.

खरी मेख निराळीच आहे, आणि ती शाकाहारी घरांनी जरा बसून ऐकावी. ज्यांच्या जेवणात मांस-मासळी नाही त्यांच्या स्नायूत क्रिएटिनचा साठा मुळात कमी असतो, त्यामुळे रोज तीन ते पाच ग्रॅम घेतल्याचा परिणाम त्यांच्यात जास्त उठून दिसतो. म्हणजे ज्यांच्या घरात त्या भुकटीचं नाव काढलं तर गोमूत्र शिंपडतील, तिथेच तिचा उपयोग जास्त! (होय, बाजारातलं क्रिएटिन कारखान्यात रसायनांपासून बनतं, त्यात प्राणी नसतो. आता तरी ते गोमूत्र खाली ठेवा.) आणि उपयोग तरी कसला? थोड्या वेळात जोर लावायच्या कामात एखाददुसरी आवृत्ती जास्त निघते. जो जोरच लावत नाही त्याच्या अंगात ते नुसतं थोडं पाणी धरून बसतं.

एवढं सगळं करून हातात काय पडतं, याचाही हिशेब झालेला आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ४९ अभ्यासांची आणि १,८६३ माणसांची बेरीज मांडली. सगळी वजनं उचलणारी, काहींना वर प्रोटीन, काहींना नाही. एका वेळी जास्तीत जास्त किती वजन उचलता येतं, ते सरासरी सुमारे २७ किलोंनी वाढलं. त्यात वरून घेतलेल्या प्रोटीनचा वाटा किती? अडीच किलो. अंगातली चरबी सोडून उरलेल्या वजनात त्यानं भर किती घातली? ३०० ग्रॅम. एवढा दोन किलोचा डबा, एवढा खुळखुळाट, आणि वाढीव माल तीनशे ग्रॅम! शिवाय दिवसभरात शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे गेलं की तोही फायदा थांबला. वजनं उचलणाऱ्या साठ किलोच्या माणसाला ९५-१०० ग्रॅम पुरे, आणि तेही मुख्यतः जेवणातूनच. दोनशे ग्रॅमचा अट्टाहास करणाऱ्यांचे पैसे शेवटी त्याच बाटल्यांच्या वाटेनं गेले.

आणि ते अर्ध्या तासाचं लचांड? "वर्कआउट संपल्यावर तीस मिनिटांत घेतलं नाही तर सगळं फुकट" म्हणून पोरं जिमच्या दारातच शेकर तोंडाला लावतात, जणू अमृतसिद्धियोग टळून जातोय. ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. दिवसभराचं एकूण प्रोटीन सारखं धरलं की मुहूर्ताचा फायदा उरलाच नाही. "एका वेळी पंचवीस ग्रॅमच लागू पडतं, बाकी वाया" हेही आता गेलं. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टला २०२३ मध्ये काही तरुणांना व्यायामानंतर २५ ग्रॅम, काहींना तब्बल १०० ग्रॅम दुधाचं प्रोटीन दिलं. शंभरवाल्यांच्या शरीरानं ते फेकून दिलं नाही, तासन् तास सावकाश वापरत राहिलं. आपल्या जावईबापूंनी श्राद्धाचं जेवण जेवून संध्याकाळपर्यंत वामकुक्षी घ्यावी, अगदी तसं. थोडक्यात, मुहूर्त नाही, राहुकाळही नाही. घरी या, हातपाय धुवा, सावकाश जेवा.

हे सगळं आमच्या कोल्हापूरच्या तालमींना ठाऊक होतं असं म्हटलं की लोक म्हणतात, "झालं यांचं सुरू." पण क्रम तरी पहा. तालमीत खुराक होता, दूध-तूप होतं, बदामाची थंडाई होती. पण वस्तादासमोर आधी जोर, बैठका, लाल मातीत लढत, आणि मग खुराक. ज्यानं हौद्यात घाम गाळला नाही त्यानं थंडाईचा लोटा उचलला तर त्याची काय शोभा व्हायची, ते विचारूच नका. १९५२ मध्ये हेलसिंकीहून कुस्तीतलं कांस्यपदक घेऊन आलेल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या पाठीशी डबा नव्हता. प्रवासाच्या खर्चासाठी लोकांकडून गोळा केलेली वर्गणी होती. आज उलटं झालंय. वर्षाची फी भरून जिमला दोनदा गेलेला माणूस डबा मात्र तिसऱ्यांदा मागवतो.

आता खाली बसा, कारण यापुढे सांगते ते ऐकून भले भले घसरले आहेत. भुकटीवर आज जेवढी कुजबुज होते त्याहून जास्त कुजबुज एकेकाळी खुद्द वजनं उचलण्यावर होती, आणि ती करणारे होते डॉक्टर आणि प्राध्यापक! वजनं उचलली की स्नायू जखडतात, माणूस लाकडाचा होतो, हृदय बिघडतं. खेळाडूंना प्रशिक्षक वजनांजवळ फिरकू देत नसत. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड कॉलेजात पीटर कार्पोविच हे याच मताचे मोठे प्राध्यापक. १९४० मध्ये तिथे जॉन ग्रिमेक हा नामांकित शरीरसौष्ठवपटू आला. भर सभेत कार्पोविचनी खवचटपणे सुचवलं, जरा खांद्यांच्या मधोमध पाठ खाजवून दाखवा की. ग्रिमेकनं एका हातानं खाजवली, दुसऱ्या हातानं खाजवली, आणि वर पाय पूर्ण फाकवून जमिनीवर बसून दाखवलं. प्रोफेसरांची दातखीळ. पण माणूस प्रामाणिक! त्यांनी पुढे स्वतःच अभ्यास केला आणि १९५१ मध्ये छापलं की वजनं उचलणाऱ्यांचे हात इतरांपेक्षा जलद फिरतात. मधल्या काळात शिकागोच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरनं पाय जायबंदी झालेल्या सैनिकांना हळूहळू वाढती वजनं उचलायला लावली. १९४५ मध्ये त्याचा निबंध आला. आज जिममध्ये "दहाचे तीन सेट" म्हणून जे ओरडतात त्याचं मूळ तिथे, दवाखान्यात आहे. देखण्या दंडांसाठी नव्हतं ते, लंगडणाऱ्या पायांसाठी होतं.

आणि सगळ्यात मोठं लफडं बॉस्टनच्या वृद्धाश्रमातलं. मारिया फियाटारोन नावाच्या डॉक्टर बाईंनी ८६ ते ९६ वर्षांच्या आजीआजोबांना मांड्यांनी जड वजनं उचलायला लावली. नव्वदीत! आपल्याकडे नव्वदीच्या माणसाला पाण्याचा तांब्या उचलू देत नाहीत. आठ आठवड्यांत पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी सोडून दिली. हे १९९० मध्ये छापून आलं तेव्हा गवगवा झाला, माणसं थोडी होती म्हणून शंकाही निघाल्या. मग १९९४ मध्ये बाईंनी शंभर जणांना घेतलं, सरासरी वय ८७. काहींना फक्त व्यायाम, काहींना फक्त पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. दहा आठवड्यांनी पाहिलं. व्यायाम केलेल्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, चाल सुधारली. नुसतं पेय प्यायलेल्यांची ताकद? जिथल्या तिथे!

सांगा आता, याची जाहिरात का होत नाही? कारण ओझं उचलण्यात उरलेलं काही विकता येत नाही. पाण्यानं भरलेले दोन कॅन, गव्हाचं पोतं, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं, याच्या डब्यावर सोनेरी अक्षरं कुठे छापणार?

आणि ज्यांना हे सांगायला हवं त्यांना आपण काय सांगतो? "आई, वाकू नका. आई, उचलू नका. आता तुम्ही फक्त आराम करा." जन्मभर हंडे-कळशा वाहिलेली बाई पासष्टीची झाली की तिच्या हातातली भाजीची पिशवीसुद्धा आपण प्रेमानं काढून घेतो, आणि पाच वर्षांनी ती न्हाणीघरात पडली की नशिबाला दोष देतो. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या, अठ्ठावन्न वर्षांच्या पुढच्या १०१ बायकांवर एक अभ्यास झाला, २०१८ च्या सुमारास छापून आला. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा अर्धा तास, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली चांगली जड वजनं उचलायला लावली. आठ महिन्यांत त्यांच्या मणक्याच्या हाडांची घनता जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीची गदा १९६१ पासून पुरुषांच्या खांद्यावर जातेय. महिला महाराष्ट्र केसरी व्हायला २०२३ उजाडावं लागलं, सांगलीत प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. बासष्ट वर्षं! कुस्तीत ही तऱ्हा, मग पासष्टीच्या बाईला डंबेल कोण देणार?

म्हणून आता ही बातमी मी स्वतःच पेरायची ठरवली आहे. सत्यनारायणाला, हळदीकुंकवाला, भजनी मंडळात, जिथे जमेल तिथे. आठवड्यातून दोनदा वजनं. पहिले काही महिने शिकवणारा जाणता हवा, ओझं हळूहळू वाढवायचं, रक्तदाब किंवा गुडघ्यांचं दुखणं असेल तर आधी डॉक्टर. जेवणात वरण घट्ट, उसळ रोज, दूध-दही किंवा अंडं-मासळी ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीनं. एवढं करून जेवणातून भागलंच नाही, तर घ्या तो डबा, तपासलेला पाहून घ्या, आम्ही काही बघितलं नाही. आणि नऊवारी सावरून कुणी बाई डंबेल घेऊन लिफ्टमध्ये शिरली, तर लोक नावं ठेवतील. ठेवू देत. पहिलं नाव मीच ठेवणार आहे, तेही तिच्या शेजारच्या बेंचवर बसून, हातात पाच किलो घेऊन.